मागचा डिफरन्शियल पुन्हा पुन्हा का फुटतो?

आंबिया बहाराची मोसंबी पावसाळ्याच्या अखेरीस तोडणीला येते. त्या दिवसांत काळ्या रानातून जाणाऱ्या पाणंद रस्त्यांची काय अवस्था असते, हे जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातील बागायतदारांना सांगायला नको. फळ तोडून ठेवलेले, बाजाराची वेळ ठरलेली आणि भरलेली पिकअप बांधाजवळ उभी. इंजिन चालू आहे, पण गाडी जागची हलत नाही. मागून कडकड आवाज येतो. मिस्तरी येऊन पाहतो आणि सांगतो, "डिफरन्शियल गेला." हजारो रुपये खर्चून दुरुस्ती होते. दोन-चार महिन्यांनी तीच गाडी त्याच दुखण्याने पुन्हा बसते.

एकदा फुटला तर नशिबाला बोल लावता येतो. दुसऱ्यांदा फुटला तर आपण सुट्या भागाला नावे ठेवतो आणि तिसऱ्यांदा मिस्तरी बदलतो. पाणी साचणाऱ्या खड्ड्यातले मोसंबीचे कलम मेले म्हणून त्याच खड्ड्यात दुसरे लावले, तर तेही मरणारच. दोष कलमाचा नसून खड्ड्याचा असतो. डिफरन्शियलचेही तसेच आहे. तो वारंवार फुटत असेल तर बहुधा गाडीत आपणच केलेला एखादा बदल त्याच्या मुळाशी असतो. अलीकडे सर्रास आढळणारा असा बदल म्हणजे गाडी उंच करून घेणे.

डिफरन्शियल काय काम करतो?

बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर स्वतंत्र फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर चालते, आतले कमी. त्याचा बैलाला किंवा गाडीला त्रास होत नाही. मोटारगाडीत मात्र चाके इंजिनाने फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की बांधली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. ही अडचण दूर करणारी दातेरी चक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकेर या फ्रेंच कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते.

मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी जो गोल फुगीर भाग दिसतो, त्यात ही चक्रे असतात. गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट लहान पिनियन फिरवतो. पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या पेटीत लहान स्टार चक्रे असतात. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात.

या चक्रांवर किती भार येतो पाहा. उदाहरणादाखल, इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर धरू. पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे चौपट होतो, डिफरन्शियलमध्ये पुन्हा चौपट होतो, म्हणजे ३,२०० न्यूटन-मीटर. हा सारा पीळ एका वेळी क्राऊन-पिनियनच्या मोजक्या दातांमधूनच पुढे जातो. त्यासाठी हे दात वरून कठीण आणि आतून चिवट असे खास पाणी देऊन बनवलेले असतात. तुटलेला दात वेल्डिंगने भरून चालत नाही.

उंची वाढली, पण कशाची?

आता एक गाडी डोळ्यापुढे आणू. चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, म्हणून मालकाने पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये १० सेंटिमीटरचे लोखंडी ठोकळे घातले. जादा माल बसावा म्हणून एक पाटा वाढवला. मूळ टायर ७० सेंटिमीटर व्यासाचे होते, तेथे ७८ सेंटिमीटरचे बसवले. गाडी ऐटबाज दिसू लागली.

पण चाकोरीत सर्वांत खाली असतो तो डिफरन्शियलचा फुगीर भाग. तो ॲक्सलवरच आहे आणि ॲक्सल चाकांवर आहे. पाट्यांवर कितीही ठोकळे घातले तरी चेसिस आणि हौदा वर जातो, डिफरन्शियल होता तेथेच राहतो. तो फक्त टायर मोठे केल्याने वर जातो, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. आपल्या उदाहरणात ८ सेंटिमीटर व्यास वाढला, म्हणजे डिफरन्शियल ४ सेंटिमीटर वर गेला. ज्यासाठी ठोकळे घातले ते काम त्यांनी केलेच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला.

उलट नुकसान दोन बाजूंनी झाले. पहिले टायरमुळे. तेवढीच ओढ जमिनीवर मिळवायची तर मोठ्या टायरला सुमारे ११ टक्के जास्त पीळ लागतो. तो क्राऊन-पिनियनने सोसायचा. दुसरे ठोकळ्यांमुळे. प्रोपेलर शाफ्ट १२० सेंटिमीटर लांब धरला, तर १० सेंटिमीटर उंचीने त्याचा उतार जवळपास ५ अंशांनी वाढतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट जितका तिरका चालेल तितकी त्याची गती असमान होते. एका फेऱ्यात दोनदा ती वाढते आणि दोनदा कमी होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर पुढच्या जॉइंटची चूक मागचा जॉइंट भरून काढतो. ते सारखे नसतील तर शाफ्टच्या २,००० फेऱ्यांना मिनिटाला ४,००० हिसके पिनियनवर बसतात. पाट्यांची मागची शॅकल लांब करून गाडी उचलली, तर पिनियनचे नाक वर होते आणि हा समतोल हमखास बिघडतो. ठोकळा उंच असेल तर जोर लावताना ॲक्सल पिळवटतो आणि नाक पुन्हा वर जाते. नाक फार वर झाले की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेलही कमी पोहोचते.

तुटलेले तुकडे साक्ष देतात

आपल्या उदाहरणातली गाडी तीनदा बिघडली असे समजू. मिस्तरीने काढलेले तुकडे भंगारात जाण्याआधी मालकाने स्वतः पाहिले, तर ते बरेच काही सांगतात.

पहिल्यांदा पिनियनचे दोन दात तुटले. तुटलेली जागा खडबडीत, दाणेदार, एकसारख्या रंगाची. असा दात एका झटक्यात तुटलेला असतो. चिखलात एक चाक गरगर फिरत होते, ते एकदम मुरमावर चढले आणि पकड मिळताच सारा हिसका दातांवर आला. तुटलेल्या जागी शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या असत्या, तर दात बरेच दिवस थोडा थोडा चिरत होता, म्हणजे कायमचा जादा भार हे कारण ठरले असते.

दुसऱ्यांदा क्राऊन-पिनियन नवे होते, पण काही आठवड्यांत मागून घुर्र आवाज येऊ लागला, पिनियनच्या सीलमधून तेल पाझरू लागले आणि बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडले. येथे शाफ्टच्या कोनाचा संशय घ्यावा. जोडणीचाही घ्यावा. अनेक गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये एक दबणारी नळी असते. ती एकदाच वापरायची असते. जुनीच घातली तर बेअरिंगचा ताण बरोबर बसत नाही.

तिसऱ्यांदा स्टार चक्रे त्यांच्या पिनवर जाम झाली आणि पिन निळी-काळी पडली. निळा रंग म्हणजे भयंकर उष्णता, म्हणजेच तेलाचा अभाव. दुसऱ्या बिघाडात सुरू झालेली गळती कोणी पाहिली नव्हती. त्यात मागे एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर असेल, तर सरळ रस्त्यावरही स्टार चक्रांना सतत फिरावे लागते.

तीन वेळा तीन निराळे भाग गेले. प्रत्येक वेळी फुटलेला भाग बदलला गेला, त्याला फोडणारे कारण मात्र गाडीतच राहिले.

घरच्या घरी करावयाची तपासणी

आवाज ऐका. जोर देताना गुणगुण येते आणि पाय सोडल्यावर बदलते, तर क्राऊन-पिनियनची जुळणी पाहावी. दोन्ही वेळा सारखीच घरघर असेल तर बेअरिंग. फक्त वळणावर आवाज येत असेल तर स्टार चक्रे. गाडी निघताना 'ठक्' होत असेल तर आधी क्रॉस जॉइंट तपासा. डिफरन्शियल उघडण्याची घाई करू नका.

तेल पाहा. गाडी सपाट जागी, थंड असताना, भरण्याचा बोल्ट काढून बोट घाला. सर्वसाधारणपणे तेल भोकाच्या कडेपर्यंत असावे. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. काढण्याच्या बोल्टवर चुंबक असेल, तर त्यावर करडी बारीक पेस्ट चालते, टोचणारे कण चालत नाहीत. ॲक्सलवर एक लहान श्वासनळी असते. ती चिखलाने बुजली की आत दाब वाढून सील गळतात. गरम ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात थंड झाला की गळक्या सीलमधून पाणी आत ओढले जाते.

तेल कोणते, हेही महत्त्वाचे आहे. बहुतेक पिकअपमध्ये हायपॉइड जातीचे दात असतात. अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींत १९२६ साली आलेली ही रचना मजबूत व शांत आहे, पण तिचे दात एकमेकांवर घसरत चालतात. त्यांना खास दाबसह तेल लागते. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रतीचेच तेल घाला. इंजिनाचे उरलेले तेल कदापि घालू नका.

कोन मोजा. सुताराचे कोनमाप किंवा मोबाइलमधील पातळी दाखवणारी सोय पुरते. गिअरबॉक्सचे मागचे टोक आणि पिनियनचे नाक यांचा उतार रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही स्थितींत नोंदवा. एकसंध शाफ्टच्या साध्या रचनेत ते समांतर असावेत, फरक एखाद्या अंशापेक्षा जास्त नसावा. गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना गुटके लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, विशेषतः मुलांनी, जाऊ नये.

टायर मोजा. प्रत्येक टायरला दोरी गुंडाळून घेर काढा. मागची जोडी सारख्या मापाची, सारख्या झिजेची आणि सारख्या हवेची असावी.

मिस्तरीकडे उभे राहून पाहा. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते. एक नवे आणि एक जुने कधीही बसवू नये. तुकड्यांचा चुरा राहू नये म्हणून हाउसिंग आतून धुतले पाहिजे. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या अंशात असते, ती डायल गेजने मोजावी आणि दातांना रंगाचा लेप देऊन ठसा मध्यावर पडतो का, ते पाहावे. जादा भाराने हाउसिंगच वाकलेले असेल, तर कितीही चांगला भाग टिकणार नाही.

मग चिखलातून माल काढायचा कसा?

गाडी कंपनीने दिलेल्या उंचीवर आणि मूळ मापाच्या टायरवर परत आणणे, हा पहिला आणि बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उंच गाडीचा तोल वळणावर लवकर जातो. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार बदलणारा वॉल्व्ह असतो. चेसिस वर उचलली गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा निराळा होईल असा बदल करण्यास मनाई आहे. अपघातानंतर विम्याचा दावाही त्यामुळे अडू शकतो. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

ओल असताना बागेपासून पक्क्या रस्त्यापर्यंत माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणावा आणि तेथे पिकअपमध्ये भरावा. क्रेट दोनदा हाताळावे लागतात हे खरे, पण डिफरन्शियल उघडण्यापेक्षा ती मजुरी परवडते. शेजाऱ्यांनी मिळून पाणंदीतला मधला उंचवटा काढून चाकोरीत मुरूम भरला, तर सर्वांच्याच गाड्या वाचतात.

तरीही गाडी फसलीच, तर एक चाक गरगर फिरू लागताच पाय काढा. आधी माल उतरवा. चाकापुढचा चिखल फावड्याने काढून पऱ्हाट्या किंवा गोणपाट घाला आणि क्लच हळू सोडा. ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास साखळी ओढण्याच्या हुकाला लावा, ॲक्सलला गुंडाळू नका.

दुरुस्तीची तारीख, गाडीचे किलोमीटर, गेलेला भाग, घातलेले तेल आणि त्या काळात गाडीत केलेला बदल, इतके घरातील एका वहीत लिहून ठेवावे. हिशेब घरधनीण ठेवत असेल तर तिलाच हे काम सोपवावे. दुसऱ्यांदा आवाज आला की मिस्तरीपुढे ती वही आणि जपून ठेवलेले जुने तुकडे ठेवा. नवा भाग मागवण्यापूर्वी जुना का गेला, हे त्याच्याकडून नीट समजून घ्या.