झिजेचा आवाज

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी जे गुजराती शब्द कायमचे बसले आहेत, त्यांत ‘चालशे’ या शब्दाचा मान पहिला. दाराची कडी ढिली असो, सभागृहातला पंखा कुरकुरत असो, की तंबोऱ्याची जवारी उतरलेली असो, ‘चालशे’ म्हटले की प्रश्न मिटतो. या शब्दात समाधानी वृत्ती आहे, व्यवहारी शहाणपण आहे, आणि पुष्कळदा निव्वळ आळसही आहे. परंतु ज्या वस्तू झिजत झिजत मोडतात त्यांच्या बाबतीत हा शब्द फार महाग पडतो. वस्तू एकदम मोडली तर माणूस धावपळ करतो. ती हळूहळू झिजली तर तिच्याबरोबर आपली अपेक्षाही झिजत जाते, आणि काही बिघडले आहे हेच ध्यानात येत नाही.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते एका जुन्या मालवाहू गाडीचे. दांडिया बाजारातील एक वयोवृद्ध गृहस्थ मांडवाचे सामान, सतरंज्या आणि वाद्ये पोचविण्याचा व्यवसाय करतात. सारा बाजार त्यांना काका म्हणतो. त्यांच्यापाशी टाटा ४०७ जातीची गाडी आहे. टाटांनी ही छोटी मालगाडी १९८६ साली बाजारात आणली आणि बघता बघता ती गावोगावच्या भाजीवाल्यांची, मांडववाल्यांची आणि बँडवाल्यांची झाली. माझे वडील दरबारचे वादक. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मी त्यांच्या उतारवयातला. कलावंत कारखान्यातली मंडळी वाद्ये घेऊन वाड्यावर जात, त्या थाटाच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून ऐकल्या. माझ्या वर्गाचे तबले, पेट्या आणि तंबोरे मात्र काकांच्या गाडीतून जातात, आणि कधी कधी चार विद्यार्थीही मागे सामान धरून बसतात.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. निम्मे शहर पाण्याखाली गेले आणि नदीतल्या मगरी वस्तीत आल्या, हे बडोदेकरांना सांगावयास नको. काकांची गाडी त्या पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर एंजिन उघडले, तेल बदलले, ते सुरू झाले. सर्वांनी निःश्वास टाकला. चाकांच्या सांध्यांत शिरलेल्या गाळाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वर्षभराने, २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर, गाडीच्या पुढच्या अंगातून खड्ड्याखड्ड्याला खट्‌खट्‌ असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागले. काका म्हणाले, “चालशे. विसर्जन होऊ द्या.” मी त्यांना आग्रहाने मकरपुऱ्याकडे एका मिस्त्रींकडे नेले.

मिस्त्रींनी प्रथम हत्यार काढलेच नाही. काकांना गाडी हळू चालवावयास सांगून ते शेजारी पायी चालत राहिले, मान किंचित तिरकी करून. नवा शागीर्द गात असताना जुना गवई असाच ऐकतो. मग पुढचा आस जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवला, मागच्या चाकांना दगड लावले, आणि पुढचे चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून हलविले. चाक डुगडुगले. “मास्तर, आत बसून ब्रेक दाबा,” ते मला म्हणाले. मी ब्रेक दाबला. चाक तरीही डुगडुगले. “बेअरिंग सैल असते तर ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले असते. थांबले नाही, म्हणजे दोष किंगपिनमध्ये.” मग चाक तीन आणि नवाच्या ठिकाणी धरून पाहिले, तेव्हा टाय रॉडचे टोकही सैल निघाले. शॅकलचे बुश गेलेले होते आणि पाट्यांपैकी एक पाटा चिरलेला होता.

वाचकांपैकी ज्यांना या नावांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अशा गाडीचा पुढचा भार एका आडव्या पोलादी आसावर असतो आणि तो आस लांब पाट्यांच्या कमानींवर टेकलेला असतो. खड्डा आला की कमान सरळ होऊ पाहते, म्हणजे तिची लांबी वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठी तिचे एक टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकविलेले असते. चाक डावी-उजवीकडे वळते ते किंगपिन या उभ्या खुंटीभोवती. खुंटीचा मधला भाग आसात घट्ट बसलेला असतो, तो झिजत नाही. वरची आणि खालची टोके बुशांमध्ये फिरतात, तीच झिजतात. बाहेर काढलेल्या खुंटीवरून मिस्त्रींनी माझे बोट फिरविले. मध्ये गुळगुळीत, आणि टोकाकडे येताच नख अडकावे अशी खाच! एवढ्याशा खाचेने सगळे चाक डुलत होते.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारा वर्षानुवर्षे घासून अशाच खाचा पाडतात. मग जवारी बोलेनाशी होते, स्वराला झणत्कार राहत नाही. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरांतून, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, या घोडीला पुन्हा पृष्ठ देण्याची विद्या पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कानस जरा अधिक चालली तर घोडी गेली. कमी चालली तर जवारी उघडत नाही. किंगपिनच्या बुशाचेही नेमके हेच. नवे बुश दाबून बसवितात, त्यांतले छिद्र ग्रीसच्या वाटेशी जुळवितात, आणि मग रीमर नावाच्या लांब धारदार हत्याराने आतून कातरतात. वरचे आणि खालचे बुश एका ओळीत राहावयास हवे, म्हणून रीमरला दुसऱ्या टोकाशी आधार असतो. मिस्त्री अर्धा फेरा देत, रीमर काढीत, पुशीत, खुंटी घालून पाहत. खुंटी हाताच्या तळव्याने आत जावी, बोटांनी फिरावी, पण हलू नये. या ‘हलू नये’चे माप पुस्तकात आकड्यांनी दिलेले असते, ते हातात उतरावयास वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. शॅकलचे रबरी बुश बसविताना मिस्त्रींनी बोल्ट घट्ट केले नाहीत. नुसते अडकवून ठेवले. गाडी जमिनीवर उतरली, तिचा सगळा भार पाट्यांवर आला, आणि मग पाना लागला. कारण विचारले तर म्हणाले, “लटकत्या पाट्यावर आवळले तर भार येताच रबर पीळ खाते. पीळ खाल्लेले रबर किती दिवस टिकेल?” सतारीचे पडदे तारा चढवून लावणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. वस्तू ज्या ताणात जगणार त्या ताणातच तिला बसवावे लागते.

आता त्या थरथरीविषयी. गाडी ताशी साठ किलोमीटरच्या सुमारास आली की स्टिअरिंग कापू लागे. वेग वाढविला की कमी होई. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ताशी साठला चाक सेकंदास सुमारे साडेसात फेरे करते. चाकात कोठे जराही असमतोल असला तर सेकंदाला साडेसात धक्के. सगळे सांधे घट्ट असताना हे धक्के जिरून जातात. सांधे सैल झाले, आणि त्या सैल जुळणीचा स्वतःचा कंप तेवढ्याच गतीचा निघाला, तर प्रत्येक धक्का मागच्या धक्क्याला बळ देतो. सारंगीच्या तरफेच्या तारा आपल्या स्वराचा आघात झाला की कोणी न छेडता जाग्या होतात, तोच हा प्रकार. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे वीस कंपनांखालचा नाद स्वर म्हणून ऐकू येत नाही; म्हणून हा स्वर कानांना न कळता तळहातांना कळतो. सुरेल तरफ ऐकून आपण माना डोलावतो. पण ही तरफ जागी झाली तर चालकाच्या हातून गाडी सुटू शकते.

या शहरात दोन विद्या जवळजवळ एकाच वेळी शाळेत आल्या. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली, आणि १८९० साली कलाभवन सुरू झाले. उस्तादाच्या घरी वर्षे काढून जे मिळत असे ते स्वरलेखनाच्या साहाय्याने चारचौघांच्या मुलांना मिळावे, आणि सुतार-लोहारांच्या घरातली हातोटी रेखाचित्रे व यंत्रशास्त्र यांच्या जोडीने शिकविली जावी, असा तो काळ होता. दोन्ही संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाल्या. आज दोन्ही विद्यांपुढे प्रश्न एकच आहे. लेखी भाग वर्गात शिकविता येतो. पण रीमर किती फिरवावा आणि कानस कोठे थांबवावी, हे कोणाच्या तरी शेजारी बसूनच येते. मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा हुशार आहे. परंतु नव्या गाड्यांत बॉल जॉइंट अखंड बंद येतात; त्यांची रबरी टोपी फाटली, धूळ शिरली की सबंध जोड फेकून नवा लावतात. त्यामुळे बुश कातरण्याचे काम त्याच्या हाती क्वचितच येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाजूचे काम झाले. दुसऱ्या बाजूचे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे ज्या चकतीवर त्या बाजूचा सगळा भार टेकतो ती, बाजारात मिळेना. सकाळी मंडळाची मूर्ती आणावयाची होती. काकांनी तोच शब्द काढला. जुने बेअरिंग घाला, बुशात पत्र्याची पट्टी सरकवा, दहा दिवस चालशे. गरीब गाड्यांत ही पट्टी सर्रास घालतात. आवाज बंद होतो आणि झीज चालूच राहते.

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग हात पुशीत म्हणाले, “काका, आवाज बंद करून देतो, पैसेही घेत नाही. पण मागे मास्तरांची मुले बसतील, ती बसवू नका. कबूल?”

काका गप्प झाले. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, ९ जुलै २०२५ ला, आपल्याच जिल्ह्यात महीवरचा गंभीरा पूल कोसळला होता. १९८५ साली खुला झालेला पूल. त्याचा एक गाळा वाहनांसह नदीत गेला आणि किमान वीस माणसे दगावली. आधार आणि सांधा चिरडल्याचे प्राथमिक चौकशीतून सांगण्यात आले. पूल काय, गाडी काय, भार सांध्यावर येतो, आणि सांधा डोळ्याआड असतो. त्या संध्याकाळी पुलाचे नाव कोणी काढले नाही; पण ते तिघांच्याही मनात होते असे मला वाटते. काकांनी मूर्तीसाठी भाड्याने दुसरी गाडी ठरविली. बेअरिंग एका दिवसाने आले. दुसऱ्या बाजूचे बुश कातरावयाची वेळ झाली तेव्हा मिस्त्रींनी रीमर त्या मुलाच्या हाती दिला आणि स्वतः मागे उभे राहिले. मुलाला चौपट वेळ लागला. खुंटी तळव्याने आत गेली.

ज्यांच्यापाशी जुनी मालगाडी आहे त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिली तर एंजिनाइतकीच चाकांच्या सांध्यांची तपासणी करावी. किंगपिनला ग्रीस भरताना आस उचलून धरावा, म्हणजे भाराखाली दाबलेल्या जागेतही ते पोचते. पाट्यांचे यू बोल्ट कामानंतर थोडे चालवून पुन्हा आवळावेत, आणि सांधे बदलल्यावर चाकांची जुळणी करून घ्यावी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु प्रमाणपत्र एका दिवसाचे परीक्षण असते, झीज तर रोज होते. रोजच्या झिजेवर उपाय एकच, तो म्हणजे रोजचा कान. आवाज बदलला की थांबावे, आणि ज्याला तो ऐकता येतो अशा माणसाकडे जावे. अशी माणसे अजून आपल्या शहरात आहेत.