वेगमापकाचा कांटा आणि खरा वेग

मोटार हांकणाराचा आपल्या समोरील उपकरणांपैकीं वेगमापकावर फार विश्वास असतो. परंतु हा कांटा बहुधा खऱ्यापेक्षां कांहींसा अधिक वेग दाखवितो. गाडी ताशीं ९५ किलोमीटर वेगानें जात असतां तबकडीवर १०० चा आंकडा दिसावा, यांत नवल कांहींच नाहीं. यंत्र बिघडल्यामुळें असें होतें, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ही अतिशयोक्ति जाणूनबुजून ठेवलेली असते, आणि तिच्या मुळाशीं विचार आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, वेगमापक रस्त्यावरील अंतर प्रत्यक्ष मोजीत नाहीं. तो फक्त फिरणाऱ्या भागांच्या फेऱ्या जाणतो. ऑटो शुल्झे यानें १९०२ सालीं स्ट्रासबर्ग येथें ज्या वेगमापकाचें पेटंट घेतलें, त्याची रचना पुढें अनेक दशकें मोटारींत प्रचलित होती. गाडीच्या यंत्रणेंतून आलेली एक लवचिक तार एका लोहचुंबकाला फिरवीत असे. चुंबकाभोंवतीं, पण त्याला स्पर्श न करणारी, ॲल्युमिनियमची वाटी असे. चुंबक फिरूं लागला म्हणजे वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होत व ती त्याच्यामागें ओढली जाई. घड्याळांत असते तशी एक बारीक कमान तिला मागें खेंचून धरी. ओढ आणि अटकाव यांचा जेथें मेळ बसे, तेथें कांटा स्थिर होई. चुंबकाची शक्ति कालांतरानें घटणें किंवा वाटी तापणें, एवढ्यानेंहि अशा यंत्राच्या अचूकपणाला बाध येई.

आजच्या गाड्यांत तारेची जागा विद्युत्संवेदकांनीं घेतली आहे व फेऱ्यांची मोजदाद अत्यंत बिनचूक होते. तथापि मूळची अडचण कायम आहे. एका फेरींत गाडी किती पुढें सरकली, हें चाकाच्या आकारावर अवलंबून असतें, आणि तो आकार यंत्राला गृहीतच धरावा लागतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव असते. मोटारीच्या चाकावर रबरी टायर असतो. तो झिजतो, आणि हवा कमी झाली तर दबतो. ६० सेंटिमीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ५३० वेळां फिरतें. नव्या टायरवरील सुमारें ८ मिलिमीटर खोलीची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरवर आली, तर त्याच अंतराला सुमारें ५४२ फेऱ्या लागतात. म्हणजे केवळ झिजेमुळें कांटा सुमारें दोन टक्के अधिक वेग दाखवूं लागतो. उलट त्याच गाडीला ६४ सेंटिमीटर व्यासाचें चाक बसविलें, तर फेऱ्या सव्वासहा टक्क्यांनीं कमी होतात आणि कांटा तितकाच मागें राहतो.

या दोन चुकांचें मोल सारखें नाहीं. कांट्यानें वेग अधिक सांगितला, तर प्रवासाला थोडा विलंब होईल; कमी सांगितला, तर सावधपणें जाणारा मनुष्यहि नकळत मर्यादा ओलांडील. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या नियमानें असें ठरविलें आहे कीं, दर्शविलेला वेग खऱ्या वेगाहून कधींहि कमी असतां कामा नये. मान्यतेच्या चाचणींत तो अधिक किती असावा, यासहि सीमा आहे: खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि त्यावर ४ किलोमीटर. म्हणजे खरा वेग ८० असतां कांटा ८० ते ९२ यांच्या दरम्यान असला पाहिजे. एका बाजूस सूट आणि दुसऱ्या बाजूस पूर्ण मनाई असल्यामुळें कारखानदार कांटा थोडा पुढेंच ठेवतात.

ही माहिती अर्धवट कळली तर मात्र घातक ठरते. कांटा फुगवून सांगतो, तेव्हां मर्यादेवर आणखी दहा-बारा किलोमीटर चालतील, असा हिशेब कांहीं चालक मांडतात. परंतु नियमानें सांगितली आहे ती चुकीची कमाल सीमा. प्रत्येक गाडींत तेवढी चूक असतेच असें नाहीं. ९२ दाखविणाऱ्या गाडीचा वेग खरोखरच ९२ असूं शकतो. गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ८० ऐवजीं ९२ वेगानें जाणाऱ्या गाडीला थांबवितांना ब्रेकांना सुमारें एकतृतीयांश शक्ति अधिक जिरवावी लागते. मोठीं चाकें बसविलेल्या गाडींत तर सुरक्षिततेसाठीं राखलेली शिल्लक आधींच संपलेली असण्याचा संभव असतो.

आपल्या गाडीचा कांटा किती पुढें आहे, हें पाहण्याचा मार्ग सोपा आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग कायम ठेवावा आणि शेजारीं बसलेल्या मनुष्यानें किलोमीटरच्या दोन दगडांमधील वेळ मोजावा. ४५ सेकंद लागले तर खरा वेग ताशीं ८०. ६० सेकंद लागले तर ६०. उपग्रहांच्या संकेतांवरून वेग सांगणारें साधन चाकाच्या आकारावर अवलंबून नसल्यानें त्याच्याशींहि तुलना करतां येते. मात्र बोगद्यांत त्याचा उपयोग नाहीं. अशा पडताळ्यांत जो फरक आढळेल, तो अधिक वेगानें जाण्याचा परवाना समजूं नये. झिजलेले टायर बदलले कीं तोच फरक घटतो, आणि कालचा हिशेब आज खोटा ठरतो.