दशेची तारीख येते कुठून?

संगणकाने काढलेली जन्मपत्रिका पाहिली की शेवटची पाने नुसत्या तारखांनी भरलेली दिसतात. महादशा, तिच्या पोटात अंतर्दशा, तिच्याही पोटात विदशा. अमुक ग्रह अमुक दिवशी लागला, तमुक दिवशी उतरला. लग्नाच्या बैठकीत किंवा नोकरी सोडताना बोट ठेवले जाते ते याच पानांवर. फलज्योतिष खरे की खोटे हा वाद जुना आहे आणि या लेखाचा तो विषय नाही. विषय एवढाच, की ती तारीख येते कुठून.

आपल्याकडे सर्वाधिक चालते ती विंशोत्तरी दशा. कृत्तिकेपासून मोजू लागले की रवी ६ वर्षे, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७ आणि शुक्र २० अशी वाटणी येते. बेरीज १२०, माणसाचे पूर्णायुष्य तेवढे धरलेले. प्रत्येक ग्रहाच्या वाट्याला तीन नक्षत्रे. ही वर्षे ग्रहांच्या गतीवरून आलेली नाहीत. शनीला राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्याला मिळाली १९. गुरूला बाराच्या आसपास लागतात, त्याला १६. वराहमिहिराच्या बृहज्जातकात दशांचे प्रकरण आहे, पण त्या दशा ग्रहांनी दिलेल्या आयुर्दायावर उभ्या आहेत. विंशोत्तरी तिथे नाही. ती आग्रहाने मांडली लघुपाराशरीने, तीही १०८ वर्षांची अष्टोत्तरी बाजूला सारून.

रीत सोपी आहे. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्याच्या स्वामीची दशा पहिली. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे. चंद्राने त्यातले जेवढे ओलांडले तेवढी दशा भुक्त, उरली ती भोग्य. समजा एका मुलीचा चंद्र पूर्वा फाल्गुनीत ५ अंश पुढे गेलेला आहे. स्वामी शुक्र, वर्षे २०. उरल्या ५०० कला, म्हणून शुक्राची साडेबारा वर्षे शिल्लक. मग रवी साडेअठराव्या वर्षापर्यंत, चंद्र साडेअठ्ठाविसाव्यापर्यंत, पुढे मंगळ. अंतर्दशेसाठी दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून १२० ने भागायचे: गुरूत शनी २ वर्षे ६ महिने १२ दिवस, शनीत गुरूही तेवढाच. विवाहासाठी ज्योतिषी सप्तमेशाची, सप्तमातल्या ग्रहाची किंवा शुक्राची दशा शोधतो आणि त्या अवधीत गोचरीने महिना ठरवतो. दशा दार उघडते, गोचर आत ढकलते, अशी त्यामागची समजूत.

आता हाच जन्म टिळक पंचांगाने मांडू.

नक्षत्रांचा आरंभ आकाशात कुठे मानायचा यावर महाराष्ट्रात गेल्या शतकाच्या आरंभी कडाक्याचा वाद झाला. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीतल्या एका अंधुक ताऱ्याचा. व्यंकटेश बापूजी केतकरांचा पक्ष चित्रेच्या ठळक ताऱ्याचा. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५च्या अहवालात चित्रापक्षाशी जुळणारा अयनांश घेतला, आणि सोलापूरचे दाते पंचांगही चित्रापक्षाचेच. पण कोकणातल्या अनेक घरांत आजही टिळक पंचांग चालते, आणि दोन्हींतला अधिक महिना वेगळा पडला की शेजाऱ्यांची दिवाळी महिनाभर मागेपुढे होते. त्याची गंमत वाटते. दशेतला फरक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. रेवतीपक्षाचा अयनांश सुमारे ४ अंशांनी कमी, म्हणून त्या मुलीचा चंद्र ४ अंश पुढे सरकतो. भुक्त ९ अंश, उरल्या २६० कला, शुक्र शिल्लक साडेसहा वर्षे. पुढचे सगळे सहा वर्षांनी अलीकडे येते. पंचविसाव्या वर्षी दाते पंचांगाच्या घरात तिला चंद्राची दशा, टिळक पंचांगाच्या घरात मंगळाची. सप्तमात मंगळ असेल तर एक ज्योतिषी म्हणेल थांबा, दुसरा म्हणेल हीच वेळ. मुलगी एकच, आकाशही एकच. दहातल्या तीन जन्मांत तर नक्षत्रच बदलेल आणि पहिल्या दशेचा स्वामीही.

जन्मवेळेचे दुखणे वेगळे. चंद्र सरासरी सव्वाचोवीस तासांत नक्षत्र ओलांडतो. म्हणजे शुक्राच्या नक्षत्रात एका मिनिटाची चूक पुढची प्रत्येक तारीख पाच दिवसांनी हलवते. रवीच्या नक्षत्रात दीड दिवसाने. जुन्या टिपणांत ‘दिवेलागणीला’ एवढेच असते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्माचा तास वजा करायचा राहिला तर शुक्राच्या नक्षत्रातली दशा दहा महिन्यांनी चुकते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही. तो फरक साडेसहा महिन्यांचा. शिवाय दशेचे वर्ष ३६० दिवसांचे की सव्वातीनशे पासष्टचे, यावर एकमत नाही. साठीला पोचेपर्यंत हा फरकही दहा महिन्यांवर जातो.

अनुभवी ज्योतिष्यांना हे सगळे ठाऊक असते, म्हणून ते जन्मवेळ शुद्ध करतात: लग्न कधी झाले, वडील कधी गेले ते विचारतात आणि दशा त्या घटनांवर बसेपर्यंत वेळ मिनिटामिनिटाने सरकवतात. माझी अडचण इथे आहे. ज्या घटनांवरून वेळ बसवली, त्याच घटना मग ‘दशेने अचूक दाखवल्या’ म्हणून पुढे केल्या जातात. खरी पारख व्हायची तर वेळ, अयनांश आणि वर्षमान आधी लिहून ठेवायला हवे आणि भाकीत न घडलेल्या गोष्टीचे करायला हवे. छापील पत्रिकेत अयनांशाचे नाव असलेच तर पहिल्या पानावर, बारीक टायपात असते. शेवटच्या पानावर असते फक्त तारीख, आणि तिच्यावर टेकलेले कुणाच्या तरी आईचे बोट.