उगीचभूक कोणत्या कोशात सापडेल?

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेलच, की जो शेजारणीला सांगितला तर ती तोंडाकडे बघत राहील! अशाच एका शब्दाने मला परवा चांगलंच गप्प केलं.

मी एका शाळेत सकाळचे तीन तास मराठी शिकवते. पाचवीच्या निबंधाच्या वह्या घरी तपासत होते. एक कान कुकरच्या शिट्टीकडे. विषय होता 'माझी आजी'. एका मुलीने लिहिलं होतं, 'दुपारी चार वाजले की आजीला उगीचभूक लागायची.' मी लाल शाईने गोल केला, समासात 'असा शब्द नाही' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "बाई, शब्द आहे. पोट भरलेलं असतं, तरी डबे उघडून बघावंसं वाटतं ना, ती उगीचभूक. आजीनेच केला होता." मग हळूच म्हणाली, "आजी गेली दिवाळीत. आता आमच्याकडे कोणी म्हणत नाही."

काय उत्तर देणार? 'असा शब्द नाही' असं मी म्हटलं खरं. पण शब्द असतो म्हणजे नेमकं काय? फटफटी हा शब्द तरी कुठून आला? गाडीने फटफट आवाज केला, लोकांनी नाव ठेवलं. गूळ आणि आंबा एकत्र आले, गुळांबा झाला. लुईस कॅरल या इंग्रज लेखकाने १८७१ सालच्या आपल्या मुलांच्या पुस्तकात गंमत म्हणून 'चॉर्टल' हा हसण्यासाठीचा शब्द केला; आज तो ऑक्सफर्डच्या कोशात मानाने बसला आहे. आपला 'महापौर' तर सावरकरांनी मुद्दाम घडवलेला. कोणीतरी पहिल्यांदा म्हटल्याशिवाय शब्द होत नाही.

आणि आपले कोशकारही काही सोवळे नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. त्यात खटखट, चुळबुळ असे बोलण्यातले शब्द आहेतच. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला, आणि एवढ्यानेही भागेना म्हणून मागाहून पुरवणी काढावी लागली!

मग काय, घराघरातला प्रत्येक शब्द कोशात घालायचा? नाही हं. चहाबिहा, भाजीबिजी आपण रोज म्हणतो. ते एकेक टिपायला बसलं तर कोश ठेवायला घर पुरणार नाही. मुलींच्या 'च'च्या भाषेत पाणी म्हणजे 'चाणीप'. तो खेळ आहे, शब्द नव्हे. माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. शब्द घराबाहेरच्या माणसांनी उचलला का? काही वर्षं टिकला का? आणि दुसरा शब्द सांगणार नाही असं काही तो सांगतो का? कोश म्हणजे रेशनकार्डासारखा. माणूस आधी जन्मतो, नाव मागून चढतं. नाव चढलं नाही म्हणून माणूस नाही, असं कोण म्हणेल?

उगीचभूक कोशात आज बसणार नाही, हे मी त्या मुलीला सांगितलं. परीक्षेत असा शब्द अवतरणचिन्हात घालून अर्थ द्यायचा, हेही सांगितलं. पण 'असा शब्द नाही' हे खोडलं आणि अर्धा गुण परत दिला.

तुम्हीही एक करा. जुन्या डायरीची मागची चार पानं काढा. घरातला शब्द, त्याचा अर्थ, तो कोणी केला आणि कधी म्हणतात, एवढंच लिहा. सासूबाईंना, आईला आजच विचारा. पाककृती आपण उतरवून घेतो. शब्द मात्र माणसाबरोबर निघून जातात.

काल चार वाजता आमचे चिरंजीव डबे उघडू लागले. माझ्या तोंडून सहज गेलं, "काय रे, उगीचभूक का?" त्याने मान डोलावली आणि लाडू उचलला. अर्थ विचारला नाही!