वाशांवरची काजळी
इंग्लंडच्या केंट परगण्यात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं ‘बेलीफ’ हे ओकच्या लाकडी सांगाड्याचं शेतघर आज ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात उभं आहे. त्याचं मधलं दालन जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळं. धुराडं नाही, जमिनीवरच आगटी. अशा बहुतेक घरांत पुढे धुराडं आलं, मधला मजला आला. मग मूळ रूप ओळखायचं कसं? सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे वाशांवरची काजळी. ती एखाद्या आगीची असेल, असा आक्षेप निघतो. पण आग लाकूड खाते, त्याचा कोळसा करते. इथे वाशांच्या कडा शाबूत असतात आणि त्यांवर नुसता काळा थर बसलेला असतो. शिवाय दालनाच्या छपराखालची पोकळी शेजारच्या भागापासून कुडाने बंद केलेली असेल, तर पलीकडच्या दुमजली भागातले वासे बरेच स्वच्छ राहतात.

माणसं गुदमरत नसतील? डोळे चुरचुरत असणारच. पण गरम धूर वर चढतो, उंच छपराखाली साठतो आणि फटींतून हळूहळू बाहेर पडतो. तेव्हा ती उंची निव्वळ मालकाची मिजास नव्हती (थोडी होतीच म्हणा!). म्हणूनच धुराला दुसरी वाट काढून दिल्याशिवाय दालनावर पूर्ण मजला घालता येत नव्हता.