सांध्यांची काठी आणि सावित्रीचे पाणी

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री नदी आंबेनळी घाटाच्या बाजूने कोकणात उतरते, पोलादपूरजवळ खडकाळ डोह आणि उथळ खळाळ यांतून वाहते आणि तेथून जेमतेम अठरा किलोमीटरवरच्या महाडला पोहोचेपर्यंत समुद्राच्या भरती-ओहोटीच्या हिशेबाने वागू लागते. महाड ही एके काळी गलबतांची पेठ होती ती याच कारणाने, की बाणकोटच्या मुखातून आत शिरणारी भरती इतक्या आतपर्यंत येते. एकाच दिवशी, एकाच नदीवर, एस.टी.च्या अर्ध्या तासाच्या अंतरात डोंगरी पाणी आणि खाडीचे पाणी अशी दोन्ही पाणी मिळावीत, हा योग प्रवासी गळकाठी पारखू पाहणाऱ्याला फार सोयीचा आहे. असे का, हे समजण्यासाठी आधी या काठीची रचना पाहावी लागेल.

प्रवासी गळकाठी म्हणजे चार, पाच किंवा त्याहून अधिक तुकड्यांत सुटी होणारी आणि पाण्याकाठी पुन्हा जोडता येणारी काठी. कृत्रिम आमिष फेकून मासा धरण्यासाठी आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक काठ्यांची मापे अमेरिकेतील ‘बास’ माशाला समोर ठेवून ठरली आहेत. सुमारे सात फूट लांबी, ‘मध्यम’ किंवा ‘मध्यम-जड’ ताकद आणि साधारण दहा ते अठ्ठावीस ग्रॅम वजनाचे आमिष फेकण्याची क्षमता, ही त्यांतील नेहमीची जात. तो मोठ्या तोंडाचा बास उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे दहा किलोंच्या आसपासच्या माशाचा असून २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. सावित्रीत हा मासा नाही. येथे त्याची जागा जिताडा घेतो, ज्याला इंग्रजी व्यापारात आशियाई सी-बास म्हणतात आणि गोवा-सिंधुदुर्गात चोणक. कुळाने तो अमेरिकी बासचा सख्खा नव्हे. सवयीने मात्र तोही आडोशाला दबा धरून बसणारा, आमिषावर एकदम झेप घेणारा आणि गळ लागताच पाण्याबाहेर उसळून डोके झटकणारा शिकारी मासा आहे, आणि बासपेक्षा पुष्कळ मोठा होतो. त्यामुळे बाससाठी घडवलेली काठी जिताड्यासाठी वापरणे म्हणजे तिच्या अंगावरच्या आकड्यांच्या वरच्या टोकाला काम करणे होय.

सुटी होणारी काठी ही नवी कल्पना नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले, त्या काळातही साहेबांच्या काठ्या तुकड्यांच्याच असत. मात्र ते तुकडे धातूच्या नळ्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक नळी म्हणजे काठीतला एक न वाकणारा, जड भाग असे. काचतंतूंच्या काठ्या आल्यावर काठीच्याच द्रव्याचा सांधा करणे शक्य झाले, आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील फेनविक कंपनीने कार्बनतंतूंची काठी बाजारात आणल्यानंतर भिंती इतक्या पातळ आणि हलक्या झाल्या, की चार तुकड्यांची काठी दोन तुकड्यांच्या काठीजवळ जाऊ शकली. जवळ जाऊ शकली, एवढेच म्हणता येते. तिच्याइतकीच झाली हे प्रत्येक काठीपुरते तपासून ठरवावे लागते.

सांधे मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात वरच्या तुकड्याचे पोकळ टोक खालच्या तुकड्याच्या निमुळत्या टोकावर टोपीसारखे बसते. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून कार्बनची एक खुंटी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर वरचा तुकडा सरकतो. या खुंटीच्या सांध्यात दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना टेकत नाहीत, मधे थोडी फट राहते. ती फट दोष नसून पुढे सांधा झिजल्यावर तुकडा अधिक खाली बसावा म्हणून मुद्दाम ठेवलेली जागा असते, हे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक चांगली काठी दुकानात परत करते. कोणताही प्रकार असला तरी सांध्यापाशी दोन भिंती एकावर एक येतात, म्हणून तो भाग अधिक ताठ आणि थोडा जड होतो. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. चार तुकड्यांत प्रत्येक सांध्याला पाच सेंटिमीटर धरले तर एकेक तुकडा ५७ सेंटिमीटरचा, पाच तुकड्यांत ४७ सेंटिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एक सांधा वाढवून दहा सेंटिमीटर वाचतात. विमानात हातातल्या पिशवीतून काठी नेणाऱ्याला ते दहा सेंटिमीटर मोलाचे. कोकण रेल्वेने वीर स्थानकावर उतरून महाड गाठणाऱ्याला त्यांचे फारसे अप्रूप नसावे, आणि त्याने चार तुकड्यांवर थांबणे शहाणपणाचे.

पारखीचा पहिला भाग घरीच होतो. काठी जोडून, मूठ टेबलाच्या कडेला आडवी घट्ट बांधून शेंड्याला, म्हणजे काठीच्या बारीक टोकाला, हळूहळू वजन टांगत जावे. विल्यम हॅनेमन यांनी कृत्रिम माशी फेकण्याच्या फ्लाय-काठ्यांसाठी रूढ केलेल्या पद्धतीत यासाठी अडीच ग्रॅमची अमेरिकी एक सेंटची नाणी वापरतात आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत किती नाणी लागली ते मोजतात. तो आकडा काठीची ताकद सांगतो आणि त्या वेळी शेंड्याने आडव्या रेषेशी केलेला कोन तिचा बाक कोठे पडतो ते सांगतो. आपल्याकडे नाण्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशवीत मापाने पाणी ओतले तरी भागते, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. निरनिराळ्या कंपन्यांच्या ‘मध्यम-जड’ या शब्दाला एकमान्य प्रमाण नाही, तेव्हा हे मोजमाप छापील अक्षरांपेक्षा अधिक विश्वासाचे. याच वेळी वाकलेल्या काठीकडे बाजूने पाहावे. बाक एकसंध वळणाचा असावा. सांध्यांपाशी सरळ पट्टे आणि त्यांच्यामध्ये कोपरे दिसू लागले, तर त्या कोपऱ्यांवर ताण साचतो आहे आणि काठी मोडली तर तेथेच मोडेल.

हलका भार आला की काठीचा फक्त शेंडा वाकतो. भार वाढत जातो तसतसा बाक बुडख्याकडे, म्हणजे मुठीकडे सरकत जातो. त्यामुळे चार तुकड्यांच्या काठीतले तीन सांधे एकाच परीक्षेत कधीच पारखले जात नाहीत. पाच-सात ग्रॅमचे आमिष फेकताना काम पडते ते सर्वांत वरच्या सांध्याला, आणि चार किलोंचा जिताडा कांदळवनाच्या मुळांकडे धावतो तेव्हा ते पडते सर्वांत खालच्याला. सावित्रीचे दोन पट्टे उपयोगी पडतात ते येथे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला पावसाळा ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून, पाणी निवळते. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच्या आरंभी चढणीचे मासे ओहोळांतून शेतांपर्यंत वर येतात; तो जाळ्यांचा आणि पागाचा, म्हणजे फेकजाळ्याचा, काळ, काठीचा नव्हे. निवळलेल्या डोहात आमिष लहान, फेक अचूक आणि दोरा बारीक लागतो. येथे काठी ओढून पाहायची नसते, ऐकून पाहायची असते: आमिष खडकाला घासल्याची थरथर मुठीपर्यंत पोहोचते का, आणि फेकीनंतर शेंडा चटकन स्थिर होतो की लटपटत राहतो. सैल सांधा ही थरथर गिळतो. जोडताना प्रत्येक सांध्यावर दोन्ही तुकड्यांना छेदणारी खडूची बारीक रेघ ओढावी आणि काही काळ फेक केल्यावर ती रेघ तुटली का ते पाहावे, कारण फेकीच्या पिळाने तुकडे फिरतात, दोरा ओवायच्या कड्यांची रांग वाकडी होते आणि दोरा घासू लागतो. मेणबत्तीचे मेण सांध्याला हलके चोळले की हा फेर बराच कमी होतो. हा उपाय जुना आहे आणि त्याहून चांगला अद्याप निघालेला नाही.

महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळणकोंड आहे, जेथे वरदायिनी देवीच्या डोहातले महसीर मासे गावाने देवीचे म्हणून राखले आहेत आणि भाविक त्यांना कुरमुरे घालतात. इतके मोठे मासे इतक्या जवळून अन्यत्र क्वचितच दिसतात, पण तेथे काठी पिशवीबाहेर काढायची नसते. इतरत्रही धरणे आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे आधी विचारून घेणे हा पारखीचाच भाग मानावा.

महाडच्या खाली, दासगावच्या बाजूला, सगळा हिशेब बदलतो. पाणी गढूळ, काठ चिखलाचे, आणि ओढ दिवसातून दोनदा उलटी होणारी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती जोरदार, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला मंद. गरवणारे, म्हणजे गरी किंवा गळ टाकून मासे धरणारे, वाहत्या पाण्याची वेळ साधतात, कारण जिताडा त्या वेळी आडोशाच्या कडेला येऊन वाहत येणाऱ्या बोय माशांची आणि कोळंबीची वाट पाहतो. येथे जड आमिष, जाड दोरा आणि घट्ट केलेला ड्रॅग लागतो; ड्रॅग म्हणजे ठरावीक ओढीपलीकडे रिळातून दोरा सोडणारी घर्षणाची चकती. काठी किती जोर पेलते याचा अंदाज नवख्यांचा नेहमी चुकतो. शेंड्यावर एक किलोचा भार असेल, पुढच्या हातापासून शेंड्याचे आडवे अंतर दीड मीटर असेल आणि बुडखा त्या हाताच्या तीस सेंटिमीटर मागे अंगाला टेकला असेल, तर बुडख्यावर पाच किलोंचा दाब येतो. दोन किलोंच्या ओढीत तो दहा किलो होतो. म्हणून जाणकार मोठ्या माशाला काठी उभी धरून उचलत नाहीत, तर ती आडवी खाली नेऊन खालच्या जाड तुकड्यावर भार घेतात; काठी डोक्यामागे गेली की सगळा ताण पातळ शेंड्यावर येतो आणि महागातली काठीही मोडते. अधिक ताठ कार्बनच्या हलक्या काठ्या खडकावरचा लहानसा ओरखडाही सहन करत नाहीत, तेव्हा प्रवासासाठी थोडी जड पण चिवट काठी घेणे बरे.

मोठा जिताडा सोडून द्यावा, याला कारण आहे. हा मासा बहुधा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, तेव्हा नदीतला प्रत्येक दांडगा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा खाऱ्या मुखाकडे अंडी घालायला जाणारी मादी असते. त्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने हा पट्टा दूषित केला आहे, ते स्थानिकांना सांगायला नको.

पाण्यात उतरून फेक करण्याचा मोह मात्र येथे टाळावा. सावित्रीत महाडच्या आसपास मगरी आहेत आणि त्या उन्हाला काठावर येतात. दुसरा धोका डोक्यावर असतो: कार्बन वीजवाहक आहे, त्यामुळे वळवाच्या गडगडाटात किंवा रस्त्याकडेच्या तारांखाली जोडलेली काठी उभी धरणे जिवावर बेतू शकते.

शेवटची तपासणी घरी परतल्यावर. खाडीचे मीठ आणि चिखलातली बारीक वाळू सांध्यात राहिली, तर तुकडे एकमेकांत अडकतात किंवा आतून घासून सैल होतात. अडकलेला सांधा पिळून काढू नये, सरळ ओढावा. तुकडे गोड्या पाण्याने धुऊन, सुटे करून सावलीत वाळवावेत आणि मगच नळीत भरावेत. पीव्हीसीच्या पाइपाला दोन टोपणे लावून केलेली नळी एस.टी.च्या टपावर कापडी पिशवीपेक्षा अधिक टिकते. कड्यांच्या आतली चिनीमातीची वर्तुळे कापसाच्या बोळ्याने पुसावीत. तडा असेल तर कापसाचे तंतू त्यात अडकतात. काठी विकत घेताना विचारायचा एक प्रश्न पुष्कळांकडून राहून जातो, तो म्हणजे तुटलेला तुकडा सुटा मिळतो का. बहुतेक काठ्या शेंड्यापासून वीतभर अंतरात, तेही दारात किंवा गाडीच्या काचेत सापडून तुटतात, आणि जादा शेंडा सोबत देणारी साधी काठी अशा वेळी नामांकित काठीपेक्षा उपयोगी ठरते.