न दिसणं आणि नसणं : भंगारातला एक आकडा

मंडळी, माझ्या हातात जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्यातला एक आकडा आहे. अकोल्याला भंगारात मिळाला. काट्यावर वजन लाल अक्षरांत उमटतं ना, त्यातलं हे एक घर. सात पट्ट्या आणि एक टिंब, म्हणून सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं हे कशाला आणलं? सांगतो.

आधी ओळख. बाजूला नंबर छापलेला असला तर तो इंटरनेटवर शोधायचा, कोणता पाय कशाचा ते कळतं. नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतील. नंबर पुसलेला असला तर मात्र स्वतः पाहायचं. लहान आकड्याला बहुधा दहा पाय असतात, पाच-पाचच्या दोन ओळींत, आणि दोन्ही ओळींतला मधला पाय सामाईक. दोन पेन्सिल सेल घ्या, तारेत २२० ओहमचा रेझिस्टर जोडा. तो विसरू नका, नाहीतर पट्टी जळेल. धन टोक मधल्या पायाला, ऋण टोक बाकीच्यांना एकेक करून. उजळलं तर कॉमन अ‍ॅनोड. टोकं उलटी केल्यावर उजळलं तर कॉमन कॅथोड.

आता एक पट्टी उजळतच नाही. मेली का? थांबा. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानतात. पण अट घालतात, की वस्तू असती तर ती दिसायलाच हवी होती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही, असं म्हणता येत नाही. इथंही तसंच. शेजारची पट्टी त्याच सेलवर उजळते का? पाय घासून स्वच्छ केला का? मोठ्या आकड्यात एका पट्टीत दोन-तीन दिवे ओळीनं जोडलेले असतात, त्यांना ३ व्होल्ट पुरतच नाहीत. तिथं न दिसणं काहीच सिद्ध करत नाही.

हा शब्दच्छल नाही, बरं का. कापूस ४८ किलो आहे आणि शेवटच्या घराची मधली पट्टी गेलेली आहे, तर काटा ४० दाखवतो. वरची उजवी गेली तर ४६. विझलेली पट्टी आणि मेलेली पट्टी डोळ्याला सारखीच, आणि आठ किलोचे पैसे शेतकऱ्याचे जातात. म्हणून बरेच काटे सुरू होताना क्षणभर सगळीकडे ८ दाखवतात, किंवा ० ते ९ मोजतात. मीमांसकाची अट तिथंच पुरी होते. माल टाकण्याआधी तो क्षण पाहा, चुकला तर काटा पुन्हा सुरू करायला सांगा.

भंगारातला आकडा काट्यात स्वतः बसवू नका. त्याला वजनमाप खात्याचं सील असतं, दुरुस्ती परवानाधारकानंच करायची. आपण घड्याळ करू. चार घरं लागतील, चारही एकाच जातीची; अ‍ॅनोड आणि कॅथोड एकत्र केले तर सगळी जोडणी फसते. म्हणून तपासलं की लगेच मागं पेननं 'अ‍ॅ' किंवा 'कॅ' लिहून ठेवा.